सेल्फ नुसता टक् करतोय, इंजिन फिरत नाही

रणजित (ए-१०४): नमस्कार सगळ्यांना. आबांची जीप आज परत सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) घेईना. चावी फिरवली की एकदाच टक्, पुढं काहीच नाही. गगनबावड्याला निघायचं होतं. गाडी गेटच्या तोंडाशीच उभी आहे, कुणाला बाहेर पडायचं असेल तर सांगा, ढकलून कडेला घेतो.

सुलभाताई (सचिव): माझी गाडी मागेच आहे, पण मला साडेदहाशिवाय निघायचं नाही. सावकाश कर.

विनायक (बी-३०१): बॅटरी बसली असणार. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून चालू करायची जंपर केबल आहे माझ्याकडं, आणू का?

रणजित: बॅटरी दिवाळीतच नवीन टाकली की. आधीची पण सारखी उतरायची म्हणूनच बदलली. मग सेल्फ खोलून त्याचे कार्बन ब्रश बदलून आणले. तरी तेच. ढकलली की मात्र पहिल्या झटक्यात चालू होते.

किरण (सी-२०३): भावा, किती खर्च करणार अजून? चांगली किंमत येतीया तोवर देऊन टाक की.

रणजित: आबा ऐकायचे नाहीत आणि मलाही द्यायची नाही. पंधरा वर्षांनंतरचं पाच वर्षांचं पासिंग पण करून आणलंय.

मोहिते काका (बी-१०२): रणजित, गाडी ढकलू नकोस अजून. बिघाड आत्ता समोर हजर आहे, तो आत्ताच पकडायचा. एकदा ढकलून चालू केलीस की दिवसभर नीट चालेल आणि परवा पुन्हा इथंच उभी राहील. आधी एक कर. हेडलाइट लाव, एकाला समोर उभं कर आणि चावी फिरव. टक् होताना उजेड मंद होतो का बघ.

रणजित: विनायक समोर आहे. म्हणतोय, जवळपास तसाच राहतोय. किंचित हलल्यासारखा वाटला.

मोहिते काका: मग बॅटरी सोडून दे. बॅटरी बसलेली असती, किंवा सेल्फ आतून जाम असता, तर उजेड एकदम पिवळा पडला असता. उजेड टिकतोय म्हणजे बॅटरीतला करंट सेल्फपर्यंत पुरेसा जातच नाही. जाण्याच्या किंवा परत येण्याच्या वाटेत कुठंतरी अडथळा आहे. मल्टीमीटर कुणाकडं आहे?

विनायक: माझ्याकडं आहे काका. वायरचा ओहम बघू का सरळ?

मोहिते काका: ओहम बघून फसशील. आबांची जीप महिंद्राची एमएम ५४०, तिला प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन. ते फिरवायला सेल्फ दोन-अडीचशे अँपिअर ओढतो. एवढ्या करंटला वाटेत एका ओहमचा शंभरावा भाग अडथळा असला तरी २ व्होल्ट तिथंच खाल्ले जातात. तो शंभरावा भाग आपल्या मीटरला दिसत नाही. टेस्ट लॅम्प लावला तर तोही लखलखीत लागेल, कारण त्याला अर्धा अँपिअरसुद्धा लागत नाही, दोन धागे शाबूत असले तरी पुरतात. म्हणून भार असताना मोजायचं. चावी फिरवलेली असतानाच व्होल्ट बघायचे.

आधी गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. पुढं कुणी उभं राहायचं नाही. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेव. टोकं बॅटरीच्या शिश्याच्या खुंट्यांवरच टेकव, क्लॅम्पवर नको. क्लॅम्प आणि खुंटी यांच्यामधला पांढरा-हिरवा थर असला तर तोही पकडायचाय आपल्याला.

विनायक: नुसती १२.५. चावी फिरवल्यावर १२.१.

मोहिते काका: सेल्फ खरंच फिरत असता तर ती ११ किंवा त्याच्याही खाली गेली असती. चांगली आहे बॅटरी. आता प्लसची वाट बघ. लाल टोक बॅटरीच्या प्लसवर, काळं टोक सेल्फच्या जाड बोल्टवर. चावी फिरवू दे.

विनायक: ०.१.

मोहिते काका: प्लस स्वच्छ. आता परतीची वाट. काळं टोक बॅटरीच्या मायनसवर, लाल टोक इंजिनच्या उघड्या लोखंडावर. रंगावर नको, एखादा बोल्ट घासून घे.

विनायक: काका, ७.८ दाखवतोय!

मोहिते काका: सापडलं. तिथं पाव-अर्ध्या व्होल्टच्या वर जायला नको. बारापैकी जवळजवळ आठ व्होल्ट परतीच्या वाटेवर जळतायत. उरलेल्या चारात सेल्फचा सोलेनॉइड, म्हणजे मोटरला करंट जोडणारा चुंबकी स्विच, कसाबसा ओढला जातो, तोच टक्. मोटर फिरवायला काही राहत नाही. आता तीच वाट दोन तुकड्यांत मोज. मायनस ते चेसी (गाडीचा लोखंडी सांगाडा), मग चेसी ते इंजिन.

विनायक: मायनस ते चेसी ०.१. चेसी ते इंजिन ७.७.

रणजित: काका, आबा खाली आलेत. ते म्हणतात, "मगाधरनं ही अ‍ॅक्सिलरेटरची केबल हाताला गरम लागतीया, इंजिन तर गार हाय." याचा काही संबंध?

मोहिते काका: पूर्ण संबंध आहे! आबांना नमस्कार सांग, अर्धं निदान त्यांनीच केलं. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळं त्याचा चेसीशी लोखंडाला लोखंड असा संबंध नसतो. तो जोडायला तांब्याची विणलेली अर्थची (अर्थिंगची) पट्टी असते. ती पट्टी काम करेना झाली की करंट मिळेल त्या वाटेनं परत येतो, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरची केबल, स्पीडोमीटरची केबल. त्या बिचाऱ्या एवढ्या करंटसाठी नसतात, तापतात. असंच चालवत राहिलं तर वरचं प्लॅस्टिक वितळून केबल जाम व्हायची, आणि घाटात अ‍ॅक्सिलरेटर जाम होणं म्हणजे खेळ नाही. आता चावी फिरवणं बंद करा. मी खाली येतोय.

सुलभाताई: काका, जिन्यावरून जपून. लिफ्ट चालू आहे.

(साधारण वीस मिनिटांनी)

रणजित: चालू झाली!! काकांनी जंपरची फक्त काळी केबल घेतली, एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं इंजिनच्या बोल्टवर. चावी फिरवली आणि अर्ध्या फेऱ्यात फटफट सुरू. महिन्याभरात सेल्फचा असा आवाज ऐकला नव्हता.

किरण: नाद खुळा काका 🙏

मोहिते काका: ही तपासणी कुणालाही जमते. केबल आधी बॅटरीला लावायची आणि दुसरं टोक शेवटी इंजिनला, म्हणजे ठिणगी उडालीच तर ती बॅटरीपासून लांब उडेल. बॅटरीतून हायड्रोजन निघतो. केबल पंख्यापासून आणि बेल्टपासून दूर ठेवायची. आणि सेल्फच्या दोन बोल्टवर स्क्रू ड्रायव्हर टेकवून गाडी चालू करण्याचा प्रकार करू नका. गाडी गिअरमध्ये असली तर ती चालू होताच अंगावर येते.

रणजित, आता सांग, चेसीला काळा रंग कधी मारला?

रणजित: २०२१ च्या पुरानंतर. गाडी तेव्हा शाहूपुरीत मामांच्या दारात होती, चाकं बुडेपर्यंत पाणी आलं होतं. गंज चढू नये म्हणून आबांनी सगळं खालून घासून रंगवून घेतलं.

मोहिते काका: आबांनी योग्यच केलं, त्यामुळंच चेसी आज खणखणीत आहे. फक्त जोडणाऱ्यानं पट्टीचा लग, म्हणजे टोकाची बोल्टखाली बसणारी कडी, रंगावरच आवळला. पट्टी काढून बघितली मी. वरून साबूत दिसते, पण लगाच्या तोंडाशी वाकवली तर आतून हिरवी भुकटी सांडते. लगाखाली रंगाचा गुळगुळीत गोल तसाच आहे, फक्त बोल्टच्या आट्यांना तेवढं लोखंड लागत होतं. इतकी वर्षं त्या आट्यांवर निभावलं. आता तिथंही गंज धरला. गाडी हलली, तापली की कधी टेकायचं, कधी नाही, म्हणून कधी चालू व्हायची, कधी नाही.

विनायक: पण मग आधीची बॅटरी का उतरायची?

मोहिते काका: बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर इंजिनवर बसलेला असतो. त्याचा करंटही त्याच पट्टीतून बॅटरीला पोचतो. वाट खराब म्हणजे चार्जिंग अर्धवट. बॅटरी रोज थोडी उपाशी राहायची. आणि ढकलल्यावर लगेच चालू व्हायची, कारण डिझेलला ठिणगी लागत नाही. हवा दाबली की ती इतकी तापते की डिझेल आपोआप पेटतं. इंजिन कसंही फिरवा, ते सुरू होणार. त्यामुळं सगळ्यांचा संशय बॅटरी आणि सेल्फवर.

रणजित: उद्यमनगरातून काय काय आणू?

मोहिते काका: ३५ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल, दोन तुकडे. लग तिथंच प्रेसवर दाबून घे, हातोडीनं ठोकलेले नकोत. दोन दातेरी वॉशर. एक तुकडा चेसी ते इंजिन, जुन्या पट्टीच्या जागी. दुसरा बॅटरीच्या मायनसवरून सरळ इंजिनला, म्हणजे पुढंमागं एक वाट बिघडली तरी दुसरी आहे. काम करताना आधी मायनस काढायचा आणि तो शेवटी लावायचा. नाहीतर प्लस सोडताना पाना बॉडीला टेकला की तिथंच वेल्डिंग. लगाखालचा रंग पॉलिश पेपरनं पार काढायचा, लोखंड चांदीसारखं दिसेपर्यंत. आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली. आधी आवळायचं, मग जेली. बॅटरीच्या खुंट्या गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धू, पण झाकणांतून आत पाणी जाऊ देऊ नकोस.

(संध्याकाळी)

रणजित: दोन्ही केबल बसवल्या. सेल्फ मारताना मायनस ते इंजिन ०.२ व्होल्ट. केबल गार. आबा तीनदा बंद करून तीनदा चालू करून बघून गेले.

एकच विचारायचं होतं. आता फिरते जोरात, पण गार असली की पकडायला वेळ घेते आणि पांढरा धूर येतो.

मोहिते काका: ते हीटर प्लग, गार इंजिन सुरू करताना आतून तापवणारे. या इंजिनात डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटतं, तो कप्पा गार असला की धूर. वरची जोडपट्टी काढून प्रत्येक प्लग वेगळा तपास. चांगल्या प्लगला मीटरवर एक ओहमच्या आत यायला हवं. काहीच दाखवलं नाही तर तो गेला. फक्त तेवढाच बदल. इंजिन चालू करायचा स्प्रे मात्र अजिबात मारू नकोस, तापलेल्या प्लगवर तो भलत्या वेळी भडकतो आणि पिस्टन फोडतो.

सुलभाताई: मोहिते काका, विषय निघालाच आहे म्हणून विचारते. आपला जनरेटरही गेल्या आठवड्यात नुसता टक् करून थांबला होता. दुरुस्तीवाल्यानं बॅटरी बदलायला सांगितलीय, अंदाजपत्रक आलंय. मंजूर करू का?

मोहिते काका: थांबा ताई. त्यालाही असाच सेल्फ आणि अशीच अर्थची केबल आहे. रविवारी सकाळी बघू या. विनायक, मीटर घेऊन ये. रणजित, उरलेला पॉलिश पेपर आण. मोजल्याशिवाय अंदाजपत्रकावर सही करू नका.

सुलभाताई: ठीक आहे. रविवारी साडेनऊ, जनरेटर रूमपाशी. चावी माझ्याकडं आहे.