मदत हवी आहे: सातवीतल्या पुस्तकखाऊ मुलीला आता काय वाचायला देऊ? (फास्टर फेणे उर्फ फाफे, बोक्या, फेलूदा सगळं संपलंय)

नमस्कार मंडळी,

प्रश्न लेकीचा आहे, टायपिंग फक्त माझं. ती शेजारी बसून "आई असं नको लिहू" चालू आहे, त्यामुळे चुकभूल द्यावीघ्यावी.

बारावं लागलंय, जूनपासून सातवीत. राहायला मिरजेत. वाचते म्हणजे किती, तर जेवताना ताटाशेजारी पुस्तक लागतंच, घरातल्या निम्म्या पुस्तकांवर वरणाचे ठिपके आहेत आणि एका फाफेवर तर हिचा आमटीतला अंगठा तलाठ्याच्या कागदावर उठवावा तसा स्वच्छ उमटलाय.

परवा वाचनालयात गंमत झाली, म्हणजे आता गंमत वाटतेय, तेव्हा नुसता मनस्ताप. एका कार्डावर एकच पुस्तक मिळतं. सकाळी साडेदहाला घेतलं, मी समोर भाजी घेईपर्यंत बाईंनी पायरीवर बसून निम्मं उडवलं, उरलेलं घरी, आणि संध्याकाळी पाचला परत काउंटरपुढे हजर. तिथले काका म्हणाले एका दिवसात दोनदा बदलून मिळत नाही, आणि वाचलंस की नुसती पानं उलटलीस? झालं. हिने तिथंच उभं राहून पहिल्यापासून गोष्ट सांगायला सुरुवात केली. तिसऱ्या प्रकरणाशी काकांनी हात जोडले, पण पुस्तक काही बदलून दिलं नाही.

तर आत्तापर्यंत काय काय झालंय ते सांगते म्हणजे तेच तेच सुचवणं नको. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, सगळे २० भाग, दोनदोनदा. प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे. ताम्हणकरांचा गोट्या आणि चिंगी (चिंगी जास्त आवडली). सत्यजित रायांच्या गुप्तहेर फेलूदाचे अशोक जैनांनी केलेले सगळे अनुवाद. हॅरी पॉटर मराठीतून. तोत्तोचान इतक्यांदा की पुठ्ठा वेगळा झालाय. माधुरी पुरंदरेंची लहानपणची पुस्तकं तर पाठच आहेत.

अडचण अशी की बालविभागातलं आता "बाळबोध" वाटतं (शब्द तिचाच), दहाव्या पानावर सांगते कोण सुधारणार आणि कोण कोणाची माफी मागणार. आणि मोठ्यांच्या कपाटाकडे वळावं तर तिथे काय काढेल याचा नेम नाही. मागे माहेरी गेलो तेव्हा गौरी देशपांडेंच्या अरेबियन नाइट्सच्या १६ खंडांपैकी पहिला खंड घेऊन बसली होती, अलिबाबा सिंदबाद असेल म्हणून आजीनेच कौतुकाने काढून दिला होता! आईला कल्पनाच नाही की ते मुलांसाठी केलेलं भाषांतर नव्हे. मी चहा घेऊन आत गेले आणि बघितलं, मग काय, खंड परत कपाटात, किल्ली आईच्या कमरेला.

हे असलं मधलं वय आहे. अटी तिच्याच: तात्पर्य नको, राजाराणी नको, आणि प्राणी मरायला नको. (शेवटची अट पाडसमुळे. राम पटवर्धनांचा अनुवाद इतका सुंदर की मीच आग्रहाने दिला, शेवट विसरले होते. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.)

सुट्टीचे अजून चाळीस दिवस आहेत. वाचवा.

गवतीचहा
अहो लंपन कसा नाही यादीत?? प्रकाश नारायण संतांची वनवास, शारदा संगीत, पंखा, झुंबर, चारी मौज प्रकाशनाची. तुम्ही मिरजेच्या म्हणजे तर अगदी शेजारचीच भाषा, बेळगावकडचं ते कानडी हेल असलेलं मराठी वाचताना तुमच्या लेकीला घरचंच वाटेल. आजीआजोबांकडे राहणारा मुलगा, सुमी, सगळं "मॅडसारखं". आणि तात्पर्य औषधाला नाही. क्रमानेच द्या, वनवास आधी, शेवटच्या पुस्तकाकडे जाताना जरा जड होत जातं.

जुनीसायकल
आमच्या वेळी असले प्रश्नच नव्हते, बाबूराव अर्णाळकरांचा झुंजार आणि काळा पहाड, चार आणे भाडं, भूगोलाच्या पुस्तकात घालून वाचायचो आणि मार खायचो. असो. द. मा. मिरासदार द्या. व्यंकूची शिकवणी पासून सुरुवात करा, मोठ्याने वाचा घरात, तुम्हीपण हसाल. मोठ्यांच्या कपाटातलं आहे पण झाकून ठेवण्यासारखं काही नाही.

सव्वासहाचीगाडी
एवढं वाचते तर इंग्रजीत का नाही देत? त्या वयासाठी ढीगभर माल आहे तिकडे, दरवर्षी नवीन. मराठीत त्या वयाला कुणी लिहीतच नाही हे खरं आहे, उगाच अट्टाहास कशाला.

धागाकर्ती
@सव्वासहाचीगाडी इंग्रजीही वाचते हो, शाळेच्या लायब्ररीतलं. पण रात्री झोपताना मराठीच हवं असतं, का ते मी तिला विचारलं तर म्हणाली इंग्रजी वाचताना मी बघत असते, मराठी वाचताना मी तिथे असते. यावर मी काय बोलणार.
@गवतीचहा लंपन कसा राहिला कोण जाणे! मी स्वतः कॉलेजात वाचलाय, डोक्यात तो मोठ्यांच्या खणात जाऊन बसलेला.

दुपारचीझोप
"कुणी लिहीतच नाही" हे काही पटलं नाही. लिहितात, पण पुस्तकं दुकानात दिसत नाहीत, दिसतात ती चकचकीत पंचतंत्रं आणि कोडी. मी शाळेच्या ग्रंथालयात काम करते, माझी एक युक्ती सांगते. साहित्य अकादमी दरवर्षी मराठीसाठी बालसाहित्य पुरस्कार देते, ती नावं काढायची आणि त्यातली कविता बाजूला ठेवून कथा-कादंबऱ्या मागवायच्या. भारत सासणे यांचं समशेर आणि भूतबंगला (२०२४चा पुरस्कार), फेलूदा आवडणारीला हे पहिलं द्या. सलीम मुल्ला यांचं जंगल खजिन्याचा शोध (२०१९), लेखक स्वतः वनरक्षक आहेत त्यामुळे जंगल चित्रातलं नाही, पायाखालचं आहे. ल. म. कडूंचं खारीच्या वाटा (२०१७), हे मात्र धरणाखाली जाणाऱ्या गावाचं आहे, सावकाश वाचायचं पुस्तक, पायरीवर बसून संपवण्यातलं नाही. संगीता बर्वेंची पियूची वही (२०२२) डायरीच्या रूपात आहे, तिला थोडी लहान वाटेल कदाचित, पण वाचून ती स्वतः डायरी लिहायला बसेल अशी माझी पैज.

आणि तुमच्या वाचनालयातल्या काकांना सांगा, बालसभासदाला सुट्टीपुरती दोन पुस्तकं द्या. लेखी अर्ज करा, समितीपुढे ठेवायला लावा. आमच्याकडे एका आजोबांनी असाच नियम बदलून घेतला, नातवासाठी.

तिखटजाळ
विज्ञानकथा!! नारळीकर!! यक्षांची देणगी आधी, आवडलं तर प्रेषित आणि वामन परत न आला. तिला हा किस्सा पण सांगा, १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी कृष्णविवर ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती, आद्याक्षरं उलटी करून, परीक्षकांनी नाव बघून नंबर देऊ नये म्हणून, आणि पहिला नंबर आला. माझ्या मुलाला गोष्टीपेक्षा हाच किस्सा जास्त आवडला.
शिवाय किशोर मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीने ऑनलाइन फुकट ठेवलेत. चाळीस दिवस काय, चार वर्षं पुरतील. फक्त मोबाईल हातात द्यावा लागतो ही ग्यानबाची मेख.

वाळूतलेपाय
दुबईहून लिहितोय. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ग्रंथ तुमच्या दारी उपक्रम २००९ पासून चालू आहे, पुस्तकांची पेटी येते, चारपाच घरं मिळून वाचायची आणि मग पेट्यांची अदलाबदल. इथे वाळवंटात आमच्यापर्यंत पोचली तर मिरजेला का नाही पोचणार? कॉलनीतली अजून वाचणारी घरं गाठा.
आणि व्यंकटेश माडगूळकरांची बनगरवाडी आत्ता देऊ नका असं काही जण म्हणतील, मी म्हणतो द्या, मास्तर स्वतःच पोरसवदा आहे. त्यांचंच सत्तांतर मात्र अजिबात नको, प्राण्यांची अट मोडते, चांगलीच मोडते.

धागाकर्ती
सगळ्यांचे खूप आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. बारा दिवसांनी लिहितेय कारण पार्सल यायला सहा दिवस लागले आणि पुढचे सहा दिवस कॉम्प्युटरवर तिने किशोरचे अंक उघडून ठेवलेले, मला जागाच नव्हती.

समशेर एका दुपारीत फस्त, "भारी आहे पण लवकर संपलं". यक्षांची देणगी बाबाने आधी पळवलं, त्यावरून भांडण, आता पाळीने चाललंय. मिरासदार मी रात्री मोठ्याने वाचतेय, व्यंकूच्या वेळी सासरे पलीकडच्या खोलीतून उठून आले आणि दारातच उभे राहिले, "पहिल्यापासून घे" म्हणाले. बनगरवाडी कपाटात वरच्या फळीवर आहे, हात पोचतो तिचा, बघू.

लंपनचं मात्र वेगळंच झालं. वनवास घेऊन चार दिवस झाले आणि अजून अर्ध्यावर आहे. मला वाटलं आवडलं नाही, म्हणून विचारलं तर म्हणाली आवडलंय म्हणून रोज एकच गोष्ट वाचतेय. ही मुलगी! एकच! बाकीची तीन आत्ताच मागवून ठेवू का, की दिसली की एकदम संपवेल?

काकांकडे अर्ज दिलाय. तो तिनेच लिहिलाय, पावणेदोन पानांचा, त्यात गेल्या सहा महिन्यांत वाचलेल्या पुस्तकांची तारीखवार यादी जोडलीये. काकांनी घेतला, चष्मा लावून उभ्याउभ्या पूर्ण वाचला आणि म्हणाले समितीची मीटिंग पंधरा तारखेला आहे.