प्रतिसाद: रजा घ्याच, पण ऑन-कॉलचंही बघा

सॉफ्टवेअरच्या कामात ऑन-कॉल (सिस्टीम बिघडली की रात्रीही उठून बघायची पाळी) आणि डेडलाइनने थकून गेलोय, काय करू, असं तुम्ही विचारलंय. त्यावर वर दोघांनी 'आठ दिवस कोकणात जाऊन या' असं सुचवलंय. जरूर जा. पण परत आल्यावर तोच ऑन-कॉल आणि तीच डेडलाइन असेल, तर ताजेपणा आठवडाभरही टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाने पार पिचून जाण्याची, व्याख्या केली, त्यात मूळ धरलंय ते कामाच्या ठिकाणच्या साचलेल्या ताणात. थकवा, कामाबद्दल कडवटपणा आणि हातून धड काही होत नाही ही भावना, अशी तीन लक्षणं. पुल रिक्वेस्ट (सहकाऱ्याने तपासायला पाठवलेला कोड) उघडून नुसतं बघत बसता, साध्या कमेंटचाही राग येतो असं तुम्ही लिहिलंय, ते यातलंच.

मॅनेजरला नुसतं 'थकलोय' सांगू नका. महिन्याभरातले रात्रीचे अलर्ट (सिस्टीमकडून फोनवर येणारे इशारे) काढून समोर ठेवा: किती वाजता आला, उठायची खरंच गरज होती का. आमच्याकडे बरेचसे सर्व्हरची डिस्क भरत आल्याचे निघाले. डिस्क किती भरली की इशारा द्यायचा ती मर्यादा बदलून ते दिवसा येतील असं केलं. रात्री उठलेल्याने सकाळचा स्टँडअप (टीमची रोजची छोटी बैठक) चुकवायचा, हेही ठरलं. डोंबिवलीहून पवईला येणाऱ्याला गर्दी ओसरल्यावरची लोकल मिळणं ही लहान गोष्ट नाही हो!

दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, सुट्टीतही कशात मन लागत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं. मुंबईत केईएम, नायर या पालिकेच्या रुग्णालयांमध्ये मानसोपचार ओपीडी आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतून बोलता येतं. प्लीज, फोन करा.