खरं लेदर नाही म्हणून गाडी कमी दर्जाची कशी?

गाड्यांच्या या चर्चेत एकांनी लिहिलंय की बीएमडब्ल्यूच्या लांब व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर जास्त असलेल्या) ५ सीरिजमध्ये खरं लेदर नाही, ‘व्हेगांझा’ हे कृत्रिम लेदर आहे, म्हणून मर्सिडीजची ई-क्लासच भारी. हे काही पटलं नाही. चांगलं कृत्रिम लेदर हाताला सहज ओळखू येत नाही, आणि एप्रिलमध्ये नाशिकच्या गंगापूर रोडला दुपारभर गाडी उन्हात ठेवायची तर निगा कमी लागते हे बरंच.

फरक आहे तो मागच्या सीटचा. व्हीलबेस ५ सीरिजचा ३१०५ आणि ई-क्लासचा ३०९४ मिमी, म्हणजे जागा जवळजवळ सारखीच. पण ई-क्लासची पाठ ३६ अंशांपर्यंत मागे झुकते, मांडीखालचा आधारही पुढे सरकतो. ५ सीरिजची पाठ जागची हलत नाही. ड्रायव्हर ठेवून आठवड्याला मुंबई गाठणाऱ्याने इथेच निर्णय घ्यावा. स्वतः चालवणार असाल तर मात्र ५ सीरिजच.

क्वालिटी बघायची तर स्क्रीनला भुलू नका. दाराच्या खालच्या खिशावर टिचकी मारा, मधला कन्सोल गुडघ्याने दाबून बघा, करकरतो का. आणि तो चकचकीत काळा प्लास्टिक! दिंडोरीकडच्या बागेत रोज जाणं असेल तर त्यावर धूळ बसणार, कोरड्या फडक्याने पुसली की बारीक चरे पडलेच. (शोरूमवाले हे सांगत नाहीत.)

लेक्सस ईएसचं नाव कोणीच कसं घेतलं नाही? आधीच्या पिढीच्या ईएसचा डॅशबोर्ड जुन्या वळणाचा होता खरा, पण एसीला बटणं होती, रस्त्यावरची नजर न काढता हाताला सापडणारी.