बग म्हणजे नक्की काय? किडा, ढेकूण की अजून काही?

सायली_टेस्टर:
मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, गेली अकरा वर्षं. दिवसातून पन्नास वेळा तरी बग (म्हणजे प्रोग्राममधली चूक) हा शब्द तोंडात येतो, बग निघाला, बग लॉग केला, बग रीओपन झाला वगैरे. परवा सहावीतल्या लेकीनं विचारलं की आई बग म्हणजे तर किडा ना, मग कॉम्प्युटरमध्ये किडा कुठून आला? मी तिला ती पतंगाची गोष्ट सांगितली, की एका जुन्या कॉम्प्युटरमध्ये खरंच पतंग अडकलेला आणि तेव्हापासून बग म्हणायला लागले. तर ती म्हणे, पण पतंगाला तर मॉथ म्हणतात, मग त्यांनी "मॉथ सापडला" असं का नाही म्हटलं? मला उत्तर देता आलं नाही. ती गोष्ट खरी आहे का? आणि बग म्हणजे कुठलाही किडा की विशिष्ट किडा? नीट माहिती असलेल्यांनी प्लीज सांगा, तिला काहीतरी ठोकून द्यायचं नाहीये.

शब्दवेडा:
लेकीचा प्रश्न एकदम बरोबर जागी लागलाय. पतंगाची गोष्ट खरी आहे, पण शब्द त्यातून आलेला नाही.

घडलं ते असं. 9 सप्टेंबर 1947, हार्वर्डचा मार्क टू कॉम्प्युटर, अमेरिकन नौदलासाठी बांधलेला. हा कॉम्प्युटर रिलेवर चालायचा, रिले म्हणजे विजेच्या चुंबकानं उघडझाप होणारा स्विच, त्यात धातूचे दोन टोक एकमेकांना टेकले की करंट पुढे जातो. तर पॅनेल एफमधल्या 70 नंबरच्या रिलेत पतंग सापडला. ऑपरेटरांनी तो काढून चिकटपट्टीनं लॉगबुकाच्या पानावर चिकटवला, 15:45 ची नोंद आहे, आणि खाली लिहिलं की बग प्रत्यक्षात सापडल्याची ही पहिलीच केस. ते पान पतंगासकट आज वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या अमेरिकन इतिहासाच्या म्युझियममध्ये आहे, फोटो नेटवर सहज मिळतो, लेकीला नक्की दाखवा.

आता ते वाक्य परत वाचा. "प्रत्यक्षात सापडल्याची पहिलीच केस" असं माणूस कधी लिहील? आधीपासून रोज बग बग म्हणत असेल तेव्हाच ना! म्हणूनच त्यांनी मॉथ सापडला असं न म्हणता बग सापडला म्हटलं, सगळी मजा त्यातच आहे. अमेरिकन नौदलातल्या कॉम्प्युटरतज्ज्ञ ग्रेस हॉपर त्या टीममध्ये होत्या, पुढे त्या ही गोष्ट इतकी रंगवून सांगायच्या की लोकांना वाटायला लागलं पतंग त्यांनीच काढला. त्यांचं कॉम्प्युटरमधलं काम प्रचंड मोठं आहे, पण पतंग त्यांना सापडला नव्हता.

एडिसननं 1878 च्या नोव्हेंबरमध्ये, म्हणजे मार्क टूच्या जवळजवळ 70 वर्षं आधी, एका पत्रात लिहिलंय की कल्पना एका झटक्यात सुचते, मग अडचणी सुरू होतात, आणि तेव्हा "बग" दिसायला लागतात, असल्या बारीकसारीक दोषांना बग म्हणतात, आणि ते निस्तरायला महिनोन् महिने जातात. "म्हणतात" असं तो लिहितो, म्हणजे शब्द त्याच्याही आधी कामगारांच्या बोलण्यात होता. सायलीताई, तुम्ही रोज जे करता त्याचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

काजूवाली:
किड्यांचं मी सांगते, आमची कोकणात काजूची बाग आहे आणि मी कृषीची पदवी घेतलीये.

रोजच्या इंग्रजीत, त्यातही अमेरिकन इंग्रजीत, बग म्हणजे कुठलाही किडा. पण कीटकशास्त्रात बग म्हणजे कीटकांचा फक्त एक गण (गट), हेमिप्टेरा. ओळखायची खूण म्हणजे तोंड. यांना चावायला जबडा नसतो, सुईसारखी सोंड असते, ती खुपसायची आणि रस नाहीतर रक्त ओढायचं. म्हणून झुरळ बग नाही, मुंगी बग नाही, आणि लेडीबग तर मुळीच नाही, तो भुंगेरा, आपले शेतकरी त्याला ढालकिडा म्हणतात आणि तो मावा ही पिकावरची कीड खातो म्हणून जपतात. आणि हो, पतंगसुद्धा बग नाही! म्हणजे जगातला सगळ्यात प्रसिद्ध बग शास्त्राप्रमाणे बगच नव्हता.

मला जे फार आवडतं ते आपल्या मराठीतलं. मिलीबगला आपण काय म्हणतो? पिठ्या ढेकूण. काजूच्या कोवळ्या पालवीवर आणि मोहोरावर टी मॉस्किटो बग पडतो, त्याला आमच्याकडे ढेकण्या म्हणतात. इंग्रजी नावात मॉस्किटो आहे, पण त्याचा डासाशी काही संबंध नाही, सोंड खुपसली की त्या जागी काळपट डाग पडतो आणि मोहोर वाळून जातो. हे खरोखर बेडबगचे, म्हणजे घरातल्या ढेकणाचे भाऊबंद, एकाच गणातले. म्हणजे बगला मराठीत किडा न म्हणता ढेकूण म्हटलं तर शास्त्राच्या जास्त जवळ जातं. मावा, तुडतुडे, पांढरी माशी, हे पण सगळे त्याच गणातले (पांढरी माशी नावालाच माशी).

सातारकर_७८:
आमच्या गावाकडं बग म्हणजे बघ. "हितं बग की." माझा मुलगा कामाचा फोन आला की बग बग करतो तेव्हा आमच्या आईला वाटायचं हा कुणाला काय दाखवतोय एवढं.

ढेकणाचं निघालंच आहे म्हणून विचारतो, इंग्लंडात बग म्हणजे आधी ढेकूणच होता ना? कुठंतरी वाचल्यासारखं वाटतंय.

शब्दवेडा:
हो सातारकर, ब्रिटनमध्ये बरीच वर्षं बग म्हटलं की माणसांच्या डोळ्यासमोर ढेकूणच यायचा, म्हणून सभ्य लोक तो शब्द टाळायचे. आपल्याकडे नाही का लाकडी खाटा अंगणात काढून सांध्यांमध्ये उकळतं पाणी ओतायचे, आणि घरात ढेकूण झालेत हे शेजाऱ्यांना कळू नये असं वाटायचं, तसंच.

पण त्याच्याही मागे गेलं तर अजून गंमत आहे. मध्ययुगीन इंग्रजीत बग (तेव्हा बगं असं काहीसं) म्हणजे भीती घालणारी वस्तू, भूतखेत, बुजगावणं. 1535 मध्ये छापलेल्या कव्हरडेलच्या इंग्रजी बायबलात 91 व्या स्तोत्रात अशा अर्थाचं वाक्य आहे की तुला रात्रीच्या बगांना भ्यायची गरज नाही, म्हणून त्या आवृत्तीला बग बायबलच म्हणतात. तिथं ढेकूण नाही, भूत अभिप्रेत आहे. 1611 च्या किंग जेम्स आवृत्तीत त्याच जागी "रात्रीची दहशत" आलं. किड्याचा अर्थ 17 व्या शतकात रुळला. भुताचाच किडा झाला का, की शेणकिड्यासाठी जुन्या इंग्रजीत जो शब्द होता त्याची यात सरमिसळ झाली, यावर कोशकारांचं एकमत नाही.

एक मात्र सांगतो, बोगीमॅन आणि आपला बागुलबुवा यांचा आवाज सारखा वाटतो म्हणून लोक लगेच नातं जोडतात. तसं करू नका, आवाज जुळला म्हणजे शब्द एका घरातले होत नाहीत.

सायली_टेस्टर:
सगळ्यांचे मनापासून आभार. लॉगबुकाचा फोटो दाखवला, तिनं झूम करून पतंगाचे पंख बघितले आणि "याला इतक्या वर्षांत मुंग्यांनी कसं नाही खाल्लं" हा पुढचा प्रश्न विचारला. मग काजूवालींचं वाचून दाखवलं तर पळत बाल्कनीत गेली, आमच्या जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरं कापसासारखं आलंय महिनाभर, मी बुरशी समजत होते. काडीनं वरची पांढरी पूड सारली तर खाली गुलाबीसर, बारीक पायांचे जीव हलतायत! पिठ्या ढेकूणच ना हे? साबणाचं पाणी मारून जाईल का, की शेंडे छाटूनच टाकू?

काजूवाली:
हो, तेच. जास्त भरलेले शेंडे छाटून पिशवीत बांधून टाका, कुंडीत टाकू नका. बाकीच्यावर साबणाचं सौम्य पाणी संध्याकाळी मारा, पानांच्या मागून पण, आणि आठवड्यानं परत. कुंडीवर मुंग्यांची रांग असेल तर तिचा आधी बंदोबस्त करा, त्या या किड्यांनी टाकलेला गोड चिकटा खायला येतात आणि यांना सांभाळतात. ढालकिडा दिसला तर मात्र त्या फांदीवर काही मारू नका.