थकवा, डोकेदुखी आणि मळमळ एकाच वेळी: हे खरोखर पित्तच आहे का?

मोगरा (नाशिक)

सर्वांना नमस्कार. माझे वय ४१ असून मी माध्यमिक शाळेत शिकवते. दिवाळीनंतर मला थकवा, डोकेदुखी आणि मळमळ असा तिहेरी त्रास सुरू झाला आहे. सकाळीच डोके दोन्ही बाजूंनी जड होते, पोटात ढवळते, क्वचित उलटीही होते, आणि दुपारच्या तासांना फळ्यासमोर उभे राहणे नकोसे वाटते. डोक्यासाठी नेत्रतज्ज्ञांकडे गेले, तेव्हा चष्म्याचा नंबर बदलला. मळमळीसाठी पित्ताच्या गोळ्या मिळाल्या. त्या सहा आठवडे रोज रिकाम्या पोटी घेत आहे. थकव्यासाठी थायरॉइड तपासले, तेही ठीक निघाले. जागरणाने आणि अवेळी जेवण्याने पित्त चढले आहे, असे सासूबाईंचे म्हणणे आहे, आणि उलटीनंतर डोके थोडे उतरते म्हणून मलाही ते पटू लागले आहे. तीन तक्रारींसाठी तीन ठिकाणी जाऊनही गुण नाही. या तिन्हींचा एकत्र विचार कसा करावा?

चाफेकळी (पुणे)

ताई, मला वीस वर्षे अर्धशिशी आहे आणि त्यांतील पहिली सात वर्षे मीही तिला पित्तच म्हणत होते. उलटी झाली की डोके उतरते, म्हणजे दोष पोटाचा, असे आपल्याकडे सहज मानले जाते. प्रत्यक्षात अर्धशिशीच्या झटक्यात पोट रिकामे होण्याची क्रिया मंदावते आणि मळमळ ही त्या झटक्याचाच भाग असते. गोळी उशिरा घेतली तर ती तशीच पोटात पडून राहते, आणि ‘मला गोळी लागू पडत नाही’ असे वाटते. झटका उपचाराविना ४ ते ७२ तास चालतो. त्याआधी जांभया येतात, मान अवघडते, आणि तो ओसरल्यावर एखादा दिवस अंगात त्राण राहत नाही. उजेड किंवा आवाज सहन न होणे, जिना चढताना ठणका वाढणे, असे तुम्हाला होते का? वेदनाशामक गोळ्या किती घेता, तेही मोजा. महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या घेत राहिल्यास त्या गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते. हा अनुभव माझा स्वतःचा आहे.

जुना स्टेथोस्कोप (सांगली; निवृत्त वैद्यकीय व्यवसायी)

प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, हे आधीच सांगतो. आयुष्यातील सर्वांत तीव्र डोकेदुखी क्षणात सुरू होणे, तापासोबत मान ताठरणे, हातापायातील बळ जाणे, बोलणे अडखळणे, एकाचे दोन दिसणे, यांपैकी काहीही असल्यास हा मजकूर बाजूला ठेवून थेट रुग्णालयात जावे. पाळी चुकली असल्यास गर्भधारणेची चाचणी आधी करावी. ही साधी गोष्ट हटकून विसरली जाते.

तसे काही नसेल तर मला तुमच्या अहवालांपेक्षा तुमच्या दिवसाविषयी अधिक विचारायचे आहे. त्रास नेमका कोणत्या वेळी सुरू होतो आणि घराबाहेर पडल्यावर तो कमी होतो का? घरात आणखी कोणाला असेच होते का? पाळीत रक्तस्राव किती होतो? आणि, हा प्रश्न विचित्र वाटेल, पण अंघोळीचे पाणी कशावर तापते?

मोगरा

डॉक्टर, उजेडाचा त्रास होत नाही. गोळी आठवड्यातून एखादी घेते. पाळी सात दिवस चालते आणि पहिले तीन दिवस फार जाते. डोके साधारण सकाळी साडेसहा-सातला धरते, शाळेत पोहोचल्यावर दहापर्यंत सुटते, थकवा मात्र दिवसभर राहतो. रविवारी केस धुते त्या दिवशी सर्वांत वाईट अवस्था होते. ओल्या केसांमुळे असावे, असे मी धरून चालले होते. धाकटा मुलगा माझ्यानंतर अंघोळ करतो आणि शाळेत जाताना मळमळते म्हणतो. तो शाळा बुडवण्यासाठी सबब सांगतो, असे समजून मी त्याला रागावत आले. पाणी गॅस गीझरवर तापते. तो बाथरूममध्येच आहे, आणि थंडीमुळे झडपांच्या खिडकीला आम्ही पुठ्ठा लावला आहे. करोनाकाळातील ऑक्सिमीटर घरात आहे. तो ९८ दाखवतो आणि गॅसचा वासही कधी आलेला नाही.

जुना स्टेथोस्कोप

तो गीझर आजपासून बंद ठेवा आणि पाणी स्वयंपाकघरात खिडकी उघडून तापवा. बंद जागेत प्राणवायू कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. सिलिंडरच्या गॅसला येणारा वास मुद्दाम मिसळलेला असतो आणि तो न जळलेल्या गॅसची गळती कळावी म्हणून असतो. ज्वलनातून निघालेल्या या वायूची त्यातून काहीही सूचना मिळत नाही. हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. बोटाला लावायच्या साध्या यंत्राला प्राणवायूने भरलेले आणि या वायूने भरलेले हिमोग्लोबिन वेगळे ओळखता येत नाही, त्यामुळे ९८ या आकड्यावर विसंबू नये. रक्तात त्याचे प्रमाण मोजता येते, पण मोकळ्या हवेत चार-पाच तासांत ते निम्म्यावर येत असल्याने दुपारी केलेली चाचणी निर्दोष येऊ शकते.

केस धुण्याच्या दिवशी तुम्ही बाथरूममध्ये अधिक वेळ थांबता, मुलगा तुमच्यानंतर त्याच कोंडलेल्या हवेत जातो आणि बाहेर पडल्यावर दोघांनाही बरे वाटते. तरीही दिवसभराचा थकवा एवढ्याने उलगडत नाही. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्या. बाथरूममध्ये भोवळ किंवा ग्लानी आली तर मात्र त्या व्यक्तीला आधी मोकळ्या हवेत आणून तातडीने रुग्णालयात न्यावे.

मोगरा (तीन आठवड्यांनंतर)

गीझर बाथरूमबाहेर मोकळ्या बाल्कनीत हलवला आणि पुठ्ठा काढला. चार दिवसांत मुलाची मळमळ थांबली. त्याची माफी मागताना मला संकोच वाटला, पण मागितली. माझे डोकेही त्यानंतर दुखलेले नाही. थकवा मात्र आहे: हिमोग्लोबिन ९.१ आणि फेरिटिन फार कमी निघाले. लोहाची गोळी सुरू केल्यापासून मळमळ पुन्हा आली आहे. ही मळमळ गोळीचीच असेल ना?

जुना स्टेथोस्कोप

बहुधा गोळीचीच. हिमोग्लोबिन मुळात कमी होते, म्हणून त्या वायूचा तुम्हाला त्रासही अधिक झाला असावा. स्त्रियांमध्ये १२ पेक्षा कमी हिमोग्लोबिनला पंडुरोग म्हणतात, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना तो आढळला आहे. इतका सर्रास असल्यामुळेच ‘बायकांना थकवा असायचाच’ असे म्हणून तो सोडून दिला जातो, याची मला चीड येते.

गोळी जेवणानंतर किंवा एक दिवसाआड घेता येईल का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. एक दिवसाआड घेतल्यास पुष्कळांना ती सोसते आणि लोह अंगी लागते. चहा गोळीपासून तास-दोन तास दूर ठेवा. पित्ताच्या त्या गोळ्या अजून चालू असतील तर त्या बंद करण्याविषयीही बोला, कारण पोटातील आम्ल कमी झाले की लोह नीट शोषले जात नाही. सात दिवसांच्या पाळीचे कारण स्त्रीरोगतज्ज्ञांकडून शोधून घ्यावे लागेल, अन्यथा गोळ्यांनी भरलेले दर महिन्याला रिते होईल. हिमोग्लोबिन चार आठवड्यांनी पुन्हा पाहा, आणि ते पूर्ववत झाल्यावरही गोळी साधारण तीन महिने चालू ठेवावी लागते.