नामदेवांची 'गूडी' म्हणजे आपली गुढी का?

गुरुग्रंथसाहिबमध्ये राग रामकलीत नामदेवांचा एक शबद (म्हणजे पद) आहे, अंग ९७२ वर (तिकडे पान म्हणत नाहीत, अंग म्हणतात). सुरुवात: 'आनीले कागदु काटीले गूडी आकास मधे भरमीअले'. मी नांदेडची, शबद लहानपणापासून कानावर पडलेत आणि इतकी वर्षं मी ही गूडी म्हणजे गुढीपाडव्याची गुढीच समजत होते. काल नीट बघितलं तर पुढे डोरी आलीय. गुढीला डोरी कशाला?

— गुढी नाही हो, पतंग! पंजाबीत पतंगाला गुड्डी म्हणतात. कागद आणला, कापून पतंग केला, आकाशात सोडला, आता पाच जणांशी गप्पा चालल्यात पण चित्त दोरीवर, 'चीतु सु डोरी राखीअले'. संक्रांतीला गच्चीवर उभं राहून बघा, पोरं तोंडाने भांडत असतात आणि बोट मांजावर असतं.

— गूडी पंजाबी असेल, पण क्रियापदं बघा ना. आनीले, बेधीअले, मांडीअले... हे आपलं जुनं आणिलें, वेधिलें, मांडियेलें. आणि राग आसातल्या शबदात तर 'संतह कै परसादि नामा हरि भेटुला'. भेटुला! पंजाबात बसून हरी 'भेटला' म्हणतोय माणूस.

— जरा दमानं. 'ल' दिसला की मराठी असं नसतं, त्याच शबदात 'भैला' आहे आणि भोजपुरीत 'भइल' आजही रोज बोलतात. संतांची भाषा मिसळच असायची. भेटुला मात्र मान्य, ते आपलंच वाटतं.

— त्याच ओळीच्या आधी 'छीपे के घरि जनमु दैला' आहे, त्यावर कोणी बोललंच नाही. छीपा म्हणजे कापडावर ठसे छापणारा, राजस्थानात सांगानेर-बगरूला छीपे आजही तेच काम करतात. आपल्याकडे तेच 'शिंपियाचे कुळीं जन्म'. मग नामदेव छापणारे की शिवणारे? पंजाबात छींबा म्हटलं की दोन्ही धंदे येतात, त्यामुळे तिकडे कोणाला खटकत नाही. आणि 'मनु मेरो गजु जिहबा मेरी काती', मन गज (मोजायची पट्टी), जीभ कात्री, हे सरळसरळ शिंप्याचं बोलणं आहे.

— मला 'भगत' खटकतो. आमच्या पालघरकडे भगत म्हणजे अंगात आलं की ज्याला बोलावतात तो. तिकडे नामदेवांना भगत म्हणतात हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रागच आला होता.

— राग कसला, भक्तचं भगत झालंय, मान आहे तो. १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी ग्रंथ सिद्ध केला त्यात गुरूंखेरीज १५ भगतांची बानी (म्हणजे पदं) आहे. विणकर कबीर, चर्मकार रविदास, खाटीक सधना, आणि पाकपट्टणचे बाबा फरीद तर सूफी शेख, तरी त्यांची गणती भगतांतच. जात-धर्म बघून वेगळा शब्द नाही.

— सगळ्यांना थँक्यू. आता शेवटचं कडवंही लागलं, आई घरात-बाहेर कामात पण 'चीतु सु बारिक राखीअले', बारिक म्हणजे बाळ. अहो, हे तर जनाबाईंचं 'माता गुंतली कामासी, चित्त तिचें बाळापाशीं'! एकाच घरातल्या दोघांचं. हे कडवं मला आधीपासून कळत होतं म्हणायचं, ती गूडीच तेवढी नडली.