सात मजल्यांपर्यंत लेबरला लिफ्ट नको म्हणे! हे अजिबात पटत नाही

गिरणाकाठ:
काल इथे अमळनेरच्या ठेकेदार भाऊंनी लिहिलं, "पार्किंग अधिक सातपर्यंत माणसांसाठी लिफ्ट लावणं म्हणजे पैसे मातीत घालणं. जिना असतोच, पोरं तरणी असतात, मालाला मिक्सरची लिफ्ट आहे." (मिक्सरची लिफ्ट म्हणजे काँक्रीटच्या मिक्सरजवळ विंचवर, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्रावर, वर-खाली जाणारी मालाची बकेट.) वाचून गप्प बसवलं नाही.

जिना असतोच, हेच मुळात चूक. साडेचार मीटरच्या वर स्पॅन (दोन आधारांमधलं अंतर) असेल तर स्लॅबचे टेकू १४ दिवस काढायचे नसतात, सहा मीटरच्या वरच्या बीमखालचे २१ दिवस. म्हणजे वरच्या दोन मजल्यांचा जिना टेकूंनी भरलेला, खालच्याला कठडा नाही, लँडिंगवर विटांचे तुकडे.

आता हिशोब करा. मजला तीन मीटर, पायरी १५ सेंटीमीटर, म्हणजे मजल्याला २० पायऱ्या. पार्किंग अधिक सातच्या गच्चीपर्यंत १६०. सकाळी, चहाला, जेवणाला आणि एकदा संडासला असं चारदा चढायचं म्हटलं तर ६४० पायऱ्या, ९६ मीटर चढ. तोही मे महिन्यात, जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास असताना. संडास खाली एकच असतो, म्हणून वरच्या बाया पाणी पीतच नाहीत. उन्हाने भोवळ येते ती तिथेच.

आणि सातव्या मजल्यावर एखाद्याचा पाय मोडला तर? मीटरभर रुंदीच्या, बिनकठड्याच्या, वळणाच्या जिन्यातून स्ट्रेचर उतरवून दाखवा.

कॅलिफोर्नियात ६० फूट (साधारण १८ मीटर) उंची किंवा जमिनीखाली ४८ फूट खोली झाली की बांधकामावर माणसांची लिफ्ट सक्तीची आहे. मजले मोजत बसायचं कारण नाही, उंची धरा.

ठेकेदार_अमळनेर:
दादा, ऊन आणि संडासाचं मान्य. पण कॅलिफोर्नियाची साइट आणि आपला प्लॉट एक नाही. साइड मार्जिन, म्हणजे इमारतीच्या बाजूची मोकळी जागा, तीन मीटर. हॉइस्टचा, म्हणजे त्या माणसांच्या लिफ्टचा, पिंजरा १.३ मीटर रुंद, त्याला मास्ट (पिंजरा ज्यावर चढतो तो उभा लोखंडी खांब) आणि खालचं कुंपण धरा, सगळी मार्जिन गेली. ट्रान्झिट मिक्सर (काँक्रीटचा ट्रक) कुठून आणायचा? वाळू कुठे टाकायची?

दुसरं म्हणजे मास्टला टाय (इमारतीशी बांधणारे दांडे) मारायला पिकलेलं काँक्रीट लागतं. त्यामुळे हॉइस्ट चालू स्लॅबच्या एक-दोन मजले खालीच थांबतो. जिथे खरी गर्दी, तिथे शेवटी शिडीच. मग २४ मीटरसाठी मास्टचे १८-२० सेक्शन, फाउंडेशन, चार टाय, ऑपरेटर, हे सगळं कशासाठी?

सुपरवायझर_धुळे:
भाऊ, स्लॅबच्या दिवशीचीच गर्दी डोळ्यासमोर ठेवून बोलताय. खालच्या पाच मजल्यांवर वीटकाम, प्लास्टर, फरशी, प्लंबिंग महिनोन्‌महिने चालतं. हॉइस्ट त्या माणसांसाठी.

आणि तुमच्या "मालाला मिक्सरची लिफ्ट आहे" याच वाक्यावर माझा खरा राग आहे. त्या बकेटच्या कडेवर उभी राहून माणसं वर जातात, आणि सगळे बघत राहतात. त्या विंचला काय असतं? एकच वायररोप, क्लच आणि हाताचा ब्रेक. रोप तुटला तर पकडणारं काही नाही, वर गेल्यावर थांबवणारा लिमिट स्विच नाही, फाटक नाही. क्लच घसरला की बकेट सरळ खाली.

रोप हातात घेऊन बघा. १२ मिलिमीटरचा ६×१९ रोप म्हणजे सहा पेड, प्रत्येकात १९, एकूण ११४ तारा. व्यासाच्या आठपट लांबीत, म्हणजे ९६ मिलिमीटरमध्ये, दहा टक्क्यांवर तारा तुटलेल्या दिसल्या की तो बाद. म्हणजे १२ वी तार तुटली की संपलं. चिंधी बोटभर अंतर फिरवली तरी तुटक्या तारा अडकतात, इतकं सोपं आहे. रोपचं दुमडलेलं टोक आवळणारे क्लॅम्प तरी किती साइटवर बरोबर असतात? क्लॅम्पचा यू-बोल्ट मोकळ्या शेपटीवर हवा, खोगीर (क्लॅम्पचा खाचेचा भाग) ओढ पडणाऱ्या दोरावर. बऱ्याच ठिकाणी उलटं किंवा एक सुलट एक उलटं. तीन हवेत तिथे दोन.

ठेकेदार_अमळनेर:
माणसं बकेटवर चढवा असं मी कुठे लिहिलं? माझ्या तोंडी घालू नका. बंदी घातली तरी पोरं चढतात.

सुपरवायझर_धुळे:
चढतात, कारण तुम्ही त्यांना १६० पायऱ्यांशिवाय दुसरी वाट ठेवलेली नाही! सातपुड्याच्या पाड्यांवरून आलेला मजूर दुपारी दोनला पुन्हा जिना चढणार नाही, तो बकेट धरणारच. पाटीवर "माणसांनी बसू नये" लिहून जबाबदारी संपत नाही.

वायरमन_नंदुरबार:
भो, विजेचं कोणीच बोलत नाही. हॉइस्टच्या ११ किलोवॅटच्या दोन मोटारी एकदम उठतात. मीटर रस्त्यावर, हॉइस्ट प्लॉटच्या मागे, मध्ये बारीक अॅल्युमिनियम केबल. उठताना व्होल्टेज पडलं की कॉइल पुरेशी ओढत नाही, ब्रेक पूर्ण सुटत नाही, लायनिंग घासत मोटार ओढते, आठवड्यात ब्रेक जळतो. मग "हॉइस्ट खराब आहे" म्हणून पुन्हा बकेट. आधी केबलचा साइज काढा, मग हॉइस्ट मागवा.

ठेकेदार_अमळनेर:
कायमची लिफ्ट लवकर बसवून तीच का वापरू नये?

गिरणाकाठ:
२०१७ च्या राज्याच्या लिफ्ट कायद्याप्रमाणे चालवण्याचा परवाना घेऊन वापरा, हरकत नाही. पण मशीनरूम गच्चीवर असेल तर शेवटचा स्लॅब पडेपर्यंत ती चालूच होणार नाही. शिवाय दारांच्या खाचेत सिमेंट आणि पिटमध्ये (लिफ्टखालच्या खड्ड्यात) क्युरिंगचं पाणी. तोवर लिफ्टच्या डक्टच्या (उभ्या पोकळीच्या) तोंडाला नुसतं प्लायवूड टेकवू नका, खिळलेला कठडा हवा.

ठेकेदार_अमळनेर:
बरं. सातला मानतो, नाइलाजाने. पण १८ मीटरची रेघ धरली तर पार्किंग अधिक पाचसुद्धा त्यात येतं. पाचला नाही म्हणजे नाही.

सुपरवायझर_धुळे:
मग पाचला तिसऱ्या मजल्यावर संडास आणि पिण्याचं पाणी द्या, टेकू निघाल्या दिवशी जिन्याला पाइपचा कठडा लावा आणि बकेटभोवती कुलूपबंद जाळी. हे तिन्ही जमणार नसेल तर पाचलाही हॉइस्टच.

ठेकेदार_अमळनेर:
जाळीचं जमेल. संडासाची लाइन तिसऱ्यावर नेणं बघावं लागेल. सातच्या हॉइस्टची ड्रॉप टेस्ट (पिंजरा मुद्दाम खाली सोडून तो अडतो का ते बघणं) कोणाकडे?

सुपरवायझर_धुळे:
भाड्याने देणाऱ्याकडे, दर तीन महिन्यांनी, पिंजऱ्यात माणूस न ठेवता, खालून लांब केबलच्या बटनाने. करारात लिहून घ्या. आणि पिंजरा आला की आधी सेफ्टी डिव्हाइसच्या (पडणारा पिंजरा पकडणाऱ्या यंत्राच्या) पट्टीवरची कॅलिब्रेशनची तारीख बघा. वर्ष उलटलेलं असेल तर ट्रकमधून उतरवूच नका.